ओळखीपलीकडचं बोलणं

१९७० च्या दशकात मॉस्कोत कुणाच्या घरी जेवायला गेलं, तर गप्पा रंगण्याआधी एक काम उरकलं जाई. यजमान टेलिफोनवर उशी ठेवत. काही जण फोनची तबकडी थोडी फिरवून तिच्यात पेन्सिल अडकवत. त्यामुळे यंत्रातला छुपा कान बंद होतो असा समज होता. विषय फारच नाजूक असला तर नळ सोडून ठेवायचा, किंवा कागदावर लिहून दाखवायचं आणि तो कागद जाळून टाकायचा. एवढा बंदोबस्त झाला की स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसून पहाटेपर्यंत बोलणं चाले. सरकार, सैबेरियातल्या छावण्या, बंदी आलेली कादंबरी, सॉसेजचा तुटवडा, सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह यांच्या छातीवर दरवर्षी वाढणारी पदकं, कशालाच मज्जाव नसे.

हुकूमशाहीत माणसं गप्प होतात, असं आपण धरून चालतो. सोव्हिएत संघातली ही माणसं तर भरभरून बोलत होती. मग राजवटीने त्यांच्याकडून नेमकं काय काढून घेतलं होतं? माझ्या मते, अनोळखी माणसाशी राजकारण बोलण्याची सोय. ती एकदा गेली, की मित्रांमध्ये माणसं काय वाटेल ते बोलोत, सत्तेचं फारसं बिघडत नाही.

स्टालिनच्या काळात मित्रांमध्ये बोलणंही जिवावर बेतू शकत होतं. शहरांतली असंख्य कुटुंबं तेव्हा 'कोमुनाल्का'त राहत: प्रत्येक कुटुंबाला एक खोली, आणि स्वयंपाकघर, संडास, व्हरांडा सगळ्यांचा. वरवर पाहता ही आपली चाळच. पण या चाळीत शेजाऱ्याच्या एका अर्जावर माणूस रातोरात नाहीसा होऊ शकत होता, आणि रिकामी झालेली खोली आपल्याला मिळेल या आशेने अर्ज करणारेही होते. फौजदारी संहितेच्या ५८ व्या कलमातलं दहावं पोटकलम 'सोव्हिएतविरोधी प्रचारा'साठी होतं आणि त्यात एखादा विनोदही बसे. ओसिप मँडेलस्टाम या कवीने नोव्हेंबर १९३३ मध्ये स्टालिनवर एक कविता रचली. ती छापली नाही, फक्त मोजक्या परिचितांना म्हणून दाखवली. मे १९३४ मध्ये त्याला अटक झाली. पुढे दुसऱ्यांदा अटक होऊन १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. कैद्यांकडून खोदून घेतलेल्या श्वेत समुद्र कालव्याबद्दल तेव्हा एक विनोद सांगितला जाई: कालव्याचा उजवा काठ कुणी खोदला? विनोद सांगणाऱ्यांनी. आणि डावा? ऐकणाऱ्यांनी.

स्टालिननंतर घरांचा नकाशा बदलला आणि त्याबरोबर बोलण्याचाही. १९५७ मध्ये ख्रुश्चेव्हने घरबांधणीची प्रचंड मोहीम हाती घेतली. पाच मजली, बिनलिफ्टच्या, एका साच्यातल्या इमारती देशभर उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर जेमतेम पाच-सहा चौरस मीटरचं; पण लाखो कुटुंबांना पहिल्यांदाच स्वतःचं, आतून लावता येणारं दार मिळालं. त्या दाराआड एक अख्खी संस्कृती वाढली. बंदी आलेल्या पुस्तकांच्या, कार्बन पेपर घालून काढलेल्या टंकलिखित प्रती हातोहात फिरू लागल्या, बुलात ओकुद्झावाची गाणी टेपरेकॉर्डरवरून घरोघर पोचली. पोरांना मात्र शाळेत जायच्या वयातच कळे, की घरात ऐकलेलं वर्गात बोलायचं नाही. हे कुणी वेगळं शिकवावं लागत नसे. आई-बाबा आवाज कधी खाली आणतात, हे मूल बघतच असतं.

सरकारला या स्वयंपाकघरांचा पत्ता नव्हता असं मुळीच नाही. गुप्त पोलिसांची, म्हणजे केजीबीची, पद्धत तोवर बदलली होती. सरसकट अटका करण्याऐवजी माणसाला बोलावून घ्यायचं, खुर्ची द्यायची, आणि त्याच्या नोकरीची, मुलाच्या विद्यापीठ प्रवेशाची काळजी वाटत असल्यासारखी समज द्यायची. या समजुतीला ते 'प्रतिबंधक उपाय' म्हणत. बोललेलं स्वयंपाकघराबाहेर जाऊ नये, एवढीच अपेक्षा असे.

बाहेर बोलणं बंद होतं असंही नाही. रांगा होत्या, आणि रांगेत अनोळखी माणसं तासन्‌तास शेजारी उभी राहत. तिथे कुरकुर मुक्तपणे चाले: दुकानदारीण माल दडवते, लोणी संपलं, लिफ्ट बंद पडलीय. सरकारी व्यंग्य-नियतकालिक 'क्रोकोदिल' तर कारखान्याच्या आळशी व्यवस्थापकांची आणि लाचखाऊ बाबूंची अधिकृतपणे खिल्ली उडवत असे. तक्रारीला परवानगी होती, कारणमीमांसेला नव्हती. लोणी नाही म्हणून दुकानदारिणीवर रागवा. लोणी वर्षानुवर्षं का नसतं, हा प्रश्न रांगेत विचारायचा नाही. अशी राजवट लोकांना रागवू देते. राग कुठल्या पायरीपर्यंत चढावा, ते मात्र तीच ठरवते.

२५ ऑगस्ट १९६८ ला दुपारी मॉस्कोच्या लाल चौकात आठ माणसं येऊन बसली. चारच दिवसांपूर्वी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. त्याच्या निषेधाचे फलक त्यांनी उघडले. कवयित्री नतालिया गोर्बानेव्हस्काया तर काही महिन्यांचं बाळ बाबागाडीत घेऊन आली होती. काही मिनिटांतच साध्या वेशातल्या लोकांनी त्यांना मारहाण करून उचललं. पुढे कुणाला छावणी, कुणाला हद्दपारी, कुणाला मनोरुग्णालय. फलकांवरचा मजकूर मॉस्कोतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत त्या आठवड्यात बोलला गेला असेल. त्या घरांना काही झालं नाही. या आठ जणांनी तेच येणाऱ्या-जाणाऱ्या, नावगाव माहीत नसलेल्या माणसांना सांगितलं, आणि शिक्षा त्याची झाली.

बोलण्यावरच्या या धाकाचा भुर्दंड सत्तेलाही बसतो. मिखाईल गोर्बाचेव्हनी आठवणींत लिहिलं आहे की मार्च १९८५ मध्ये, पक्षाचे सरचिटणीस म्हणून निवड व्हायच्या आदल्या रात्री, ते पत्नी रईसाशी बोलायला बागेत गेले. देश असाच चालू शकत नाही, हे त्यांना तिला सांगायचं होतं. गंभीर बोलणं ते घराच्या भिंतींआड करत नसत. दुसऱ्या दिवशी महासत्तेची सूत्रं हाती घेणारा माणूस बायकोशी बोलायला थंडीत बाहेर पडतो, त्या देशात वरपर्यंत खरं पोचावं तरी कसं?

आणि त्या स्वयंपाकघरांचीही एक मर्यादा होती. तिथली मैत्री, तिथलं वाचन, तिथली निष्ठा यांना तोड नाही. पण टेबलाशी बसलेले सगळे आधीच एकमताचे असत. विश्वासू असणं हीच प्रवेशाची अट असल्यावर दुसरं काय होणार? १९८९ च्या मे-जूनमध्ये लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसचं कामकाज दूरचित्रवाणीवर थेट दाखवलं गेलं. लोक हातातली कामं टाकून बघत होते, ट्रान्झिस्टर कानाला लावून फिरत होते. अफगाणिस्तानच्या युद्धाबद्दल टीका करणारे आंद्रेई सखारोव्ह व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. ओरडणारे सगळेच काही भाडोत्री नव्हते; अनेकांना सखारोव्ह खरोखरच देशद्रोही वाटत होते. स्वयंपाकघरात हे लोक कधी भेटलेच नव्हते. त्यांना पटवायचं कसं, किमान त्यांचं ऐकायचं कसं, याचा सराव कुणालाच नव्हता.

आणीबाणीचे एकवीस महिने आणि सोव्हिएत संघाची सात दशकं यांची बरोबरी करता येणार नाही. तरी बोलण्याची ही दोन रूपं आपणही पाहिली. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, घराघरांत कुजबुज होती. अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. आजारी माणूस बरा व्हावा, एवढंच मागणं. घरात कुणी म्हटलं असतं तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. मांडवात त्याचं वजन वेगळं होतं, कारण एकमेकांना न ओळखणाऱ्या श्रोत्यांना एकाच क्षणी कळलं, की आपल्या मनात आहे ते शेजारच्याच्याही मनात आहे. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. लोकांचं बोलणं दाबणाऱ्या सरकारला लोकांच्या मनाचा अंदाज राहिला नव्हता.

आज आपल्या घरी फोनवर उशी ठेवायची वेळ नाही. पण प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाशी राजकारण बोलण्याआधी आपण काय करतो ते पाहावं. गाव कोणतं विचारतो, आडनाव काढून घेतो, मग अंदाज बांधून तोंड उघडतो. अंदाज चुकीच्या बाजूचा निघाला तर पावसापाण्यावर येतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणाला बंदी असते, आणि बंदी नसलेल्या ग्रुपवर एकाच मताचे लोक उरलेले असतात. ही हुकूमशाही नव्हे. भांडण नको, संबंध बिघडायला नकोत, एवढाच त्यामागचा हेतू. पण मॉस्कोतल्या माणसाला भीतीपोटी जे टेबल गाठावं लागलं, तिथे आपण आपल्या पायांनी, आरामासाठी जाऊन बसतो आहोत.

म्हणून एखाद्या समाजात मोकळेपणा किती हे जोखताना, तिथे सरकारला शिव्या देता येतात का, एवढंच विचारून भागत नाही. शिव्या ब्रेझनेव्हलाही मिळत होत्या, रोज रात्री, उत्तम भाषेत. विचारायचं ते हे, की ज्याचं आडनाव माहीत नाही आणि मत पटत नाही अशा माणसाशी तिथला सामान्य माणूस शेवटचं कधी बोलला, आणि बोलून झाल्यावर दोघे आपापल्या स्टेशनवर निवांत उतरले का. हा सराव मोडलेल्या समाजावर उद्या कुणाला कुलूप घालायचं झालं, तर त्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.