चित्र तेवढं फुकट

चित्रप्रदर्शनाच्या समितीचा खुलासा वाचला. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या हाती निदान वर्षभर कागद-पेन देऊ नये. चित्राचे तीन हजार रुपये मागितले म्हणून एका चित्रकार मुलीला ‘व्यवहारी’ ठरवून मोकळे! प्रत्येक स्थानिक कलाकारानं एक चित्र सभागृहासाठी ‘प्रेमानं’ ठेवून जावं, हे प्रेम समितीला समारोपाच्या आदल्या रात्री सुचलं. बाकीचे मुकाट ठेवून गेले. ती म्हणाली, आवडलं असेल तर विकत घ्या. त्यावरून तळकोकणात एवढा गदारोळ.

खुलाशात कारणं बरीच आहेत. निधी कमी पडला म्हणे. कलाकारांना व्यासपीठ मिळालं म्हणे. मागच्या वर्षी कोणी तक्रार केली नव्हती म्हणे. ती सगळी सोडून देऊ. एक कारण मात्र खुद्द फ्रेम करून सभागृहात लावण्याजोगं आहे: कलेचं मोल पैशात होत नाही.

हे वाक्य मी चित्रकाराच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. ते नेहमी माईकवरून येतं, आणि बोलणाऱ्याच्या खिशाला त्याची तोशीस पडत नाही. आता त्या तीन दिवसांच्या मांडवात जरा फिरून या. मांडववाल्याला कोणी सांगितलं नाही की बाबा, तुझे बांबू पैशापलीकडचे आहेत. जनरेटरवाल्यानं डिझेलचे पैसे आगाऊ घेतले; त्याला कोणी रुक्ष म्हटलं नाही. फ्लेक्सवाल्यानं चौरस फुटावर दर लावला, आणि त्या फ्लेक्सवर नेत्यांचे एवढे चेहरे होते की चित्रकारांच्या नावांना जागाच उरली नाही. (फ्लेक्स या वस्तूबद्दल मी पूर्वीही लिहिलं आहे, पुढेही लिहीन.) वडे तळणाऱ्या बाईंच्या हाताला काय चव आहे! तरी वडे नगावर मोजूनच बिल झालं, आणि तसंच व्हायला हवं होतं. पैशात मोल न होणारी वस्तू अख्ख्या मांडवात एकच निघाली, आणि नेमक्या तिच्यासाठीच मांडव घातला होता.

हाच न्याय थोडा पुढे न्या. कुडाळच्या दुकानात जाऊन सांगा की कॅनव्हास कलेसाठी हवा आहे, तेव्हा दामाचं बोलू नका. रंगाच्या ट्यूबवर किंमत छापलेली असते, ती खोडून घ्या. फ्रेम करणाऱ्या सुताराला शारदेची शपथ घाला. त्या मुलीचं चित्र चिरेखाणीचं होतं. पायऱ्यापायऱ्यांनी खाली कापत नेलेला तांबडा कातळ, आणि तळाशी साठलेलं हिरवट पाणी. तो चिरा ट्रकात चढतो तेव्हा नगावर मोजला जातो. म्हणजे दगडाला भाव आहे, दगडाच्या चित्राला नाही.

मग पैशाऐवजी दिलं काय? शाल आणि श्रीफळ. नारळाबद्दल कोकणात तक्रार करू नये, पण शालीवर माझा जुना राग आहे. मे महिना, अंगाला सदरा चिकटलेला, पंखे मंचावरच्या पाहुण्यांकडे वळवलेले, आणि अशा माणसाच्या खांद्यावर ती शाल! एक तर आपण हवामान बघत नाही, नाही तर सत्कारमूर्तीकडे.

बरं, हे घडलं कुठे? सावंतवाडीपासून हाकेच्या अंतरावर. तिथली गंजिफा, म्हणजे हातानं पत्ते रंगवायची कला, शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याला शाल देऊन घरी पाठवलं नाही. सत्त्वशीलादेवी स्वतः त्याच्याकडून शिकल्या, राजवाड्यातच कारागिरांना कामाला बसवलं, आणि तयार झालेले संच विकायला ठेवले. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, आणि एकेक गोल पत्ता हातानं रंगवायचा. किंमत ऐकून काही पर्यटक घासाघीस करतात, काही काढता पाय घेतात, काही चक्क घेतात. त्यामुळे मत्स्य-कूर्म बाटल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. चितारआळीतला लाकडी आंबासुद्धा पैसे मोजूनच घरी आणावा लागतो, आणि तो खऱ्यापेक्षा जास्त टिकतो.

पिंगुळीला परशुराम गंगावण्यांनी ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या जपण्यासाठी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जिल्हाभर आनंद झाला. आनंद झालेल्यांपैकी किती जणांच्या भिंतीवर चित्रकथीतलं एखादं चित्र आहे, हे विचारण्याची माझी छाती नाही. उत्तरं शेजारच्या घरांतूनच यायची.

‘ते राजे होते, त्यांना परवडलं’ हेही कोणी म्हणेल. औंध संस्थान अवघ्या 72 गावांचं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे आणि दुसऱ्यांची जमवायचे. 1938 मध्ये त्यांनी साताऱ्याच्या त्या कोरड्या मुलखात संग्रहालय उभं केलं. हेन्री मूरचं शिल्प आजही तिथं आहे. ते काही श्रीफळावर आलेलं नसावं.

प्रदर्शनातली सगळी चित्रं विकत घ्यावीत अशी होती, असं माझं म्हणणं नाही. माड, होडी आणि मावळतीचा सूर्य हे त्रिकूट मला आता सोसवत नाही, आणि तिथं ते ओळीनं टांगलेलं होतं. नसेल आवडत तर घेऊ नका. चित्र नाकारणाऱ्यानं निदान ते पाहिलेलं असतं. फुकट मागणारा कशाला पाहतो? त्याला भिंत भरायची असते.

तसं म्हटलं तर समितीतली माणसंही वाईट नाहीत. वर्गणीसाठी उन्हातान्हात फिरलेली आहेत. गाव लहान, सगळे एकमेकांच्या सोयऱ्यातले. चुलत मेहुणीच्या पोरीला चित्राचे पैसे द्यायचे म्हणजे सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. मागणारीलाही झालंच असेल. माझ्या लिहिण्यानं ते अवघडलेपण जाणार नाही, आणि तीन हजारही निघणार नाहीत.

आता समितीनं म्हणे या प्रकरणावर पडदा टाकायचं ठरवलंय. अवश्य टाका. फक्त आधी मांडववाल्याला विचारा. पडद्याचं भाडं तो फुटावर घेतो.