मृतांच्या नोंदी कोणासाठी?

नोकरीनिमित्त परप्रांती आलेल्या माणसास तेथील देवळे आणि बाजार लवकर परिचयाचे होतात. स्मशानभूमीकडे मात्र त्याचे पाऊल सहसा वळत नाही. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात ज्यांस कामासाठी जावे लागते, त्यांस ही सवलत नाही. राज्याच्या सचिवालयाजवळच तेथे सेंट मेरीचे चर्च आहे आणि त्याच्या अंगणातील फरसबंदी थडग्यांच्या शिळांची आहे. लॅटिन, पोर्तुगीज, आर्मेनियन, इंग्रजी अशा नाना भाषांतील नावांवर पाय पडतो, आणि आमच्यासारख्या पाय लागताच नमस्कार करण्याच्या संस्कारात वाढलेल्यांची चाल तेथे थोडी अडखळते.

हे चर्च १६८० साली पूर्ण झाले. भारतातील अँग्लिकन चर्चांत ते सर्वांत जुने गणले जाते. स्ट्रेनशॅम मास्टर या कंपनीच्या अधिकाऱ्याने वर्गणी जमवून ते उभारले आणि तोफगोळ्यास दाद देऊ नये म्हणून त्याचे छत कमानदार व जाड केले. देवावर भरवसा असूनही विटांची काळजी घेतली, हे आम्हांस शहाणपणाचेच वाटते. त्याच साली एलिहू येल याचा विवाह येथे झाला. १७५३ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचाही झाला. हा क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला उतरला तो 'राइटर', म्हणजे कारकून म्हणून. आमच्या पेशातील हा पूर्वज सांगावा की लपवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अंगणातल्या शिळांखाली मात्र कोणी नाही. मूळ दफनभूमी किल्ल्याबाहेर, आज जेथे उच्च न्यायालय व विधी महाविद्यालय यांचा परिसर आहे त्या बाजूस होती. १७५८च्या डिसेंबरात फ्रेंच सेनापती लाली याने मद्रासला वेढा घातला, तेव्हा तेथील उंच थडगी त्याच्या सैनिकांस आयता आडोसा झाली. फेब्रुवारी १७५९ मध्ये वेढा उठला. पुन्हा तसे होऊ नये म्हणून इंग्रजांनी आपल्याच माणसांची थडगी पाडली आणि शिळा चर्चभोवती आणून बसविल्या. हाडे जेथल्या तेथे राहिली. मग आदर कशाचा करावयाचा? हाडांचा, शिळेचा, की वहीतल्या ओळीचा?

आम्हां हिंदूंच्या घरी हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला आहे. देह अग्नीस, अस्थी पाण्यास. शिळेचा संबंध नाही. नाव उरते ते नाशिकच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत. उत्तरेकडे बदली झालेल्या आमच्या बांधवांपैकी कित्येकांनी ती वही उघडवून पणजोबांचे अक्षर पाहिले असेल. त्या पानावर पणजोबांचा पराक्रम नसतो. गाव, कूळ आणि कोण कोणाबरोबर आले एवढेच असते. तरीही डोळे भरून येतात.

चर्चच्या दफनवहीचे स्वरूप याहून फार वेगळे नाही. कंपनीच्या मुलखातील अशा वह्यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या नकला करणाऱ्या कारकुनाचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. मेलेल्या शिपायाशी त्याची ओळख नसे, गव्हर्नराशी तर नसेच. दोघांसाठी त्याला सारखीच ओळ खर्चावी लागे. त्याच्या मनात माया असण्याची गरज नव्हती. नाव शुद्ध आणि तारीख बरोबर असली की त्याचे कर्तव्य पुरे झाले. परक्या मृतांचे आपणांवर काही ऋण असेल तर ते याच प्रकारचे असावे, असे आमचे मत आहे. गौरव निराळा आणि नोंद निराळी. गौरव नाकारण्याचा अधिकार स्वतंत्र देशास आहे. परंतु नोंद पुसून आपला काय लाभ?

हा वाद केवळ तात्त्विक नाही. जुन्या दफनभूमीतील जी थोडी बांधकामे वाचली, त्यांत येलच्या लहानग्या मुलाची समाधी आहे. हा डेव्हिड सुमारे चार वर्षांचा होऊन १६८८ मध्ये वारला. त्याच्या आईचा पहिला पती जोसेफ हिनमर्स याच्याच समाधीत त्याला ठेवले. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ही समाधी तेथून हलविण्याचा आदेश दिला. वाहनतळास जागा हवी होती. जिवंतांची गरज आम्ही क्षुल्लक मानीत नाही, आणि थडगी हलविण्याचा धडा तर इंग्रजांनीच घालून दिलेला आहे. कोणी म्हणेल, येलच्या अमदानीत मद्रासहून माणसे गुलाम म्हणून जहाजांवर चढविली गेली, त्याच्या कुळाची पर्वा कशाला? त्या माणसांस शिळा मिळाली नाही हे खरे. परंतु मुलाची समाधी पाडून ती त्यांस मिळणार नाही, आणि बापाचा हिशेब चार वर्षांच्या पोराकडून वसूल करणे कोणत्याच नीतीत बसत नाही. हलवावीच लागली तर कोठून, केव्हा आणि कोणाच्या हुकुमावरून हलविली याचे टिपण तेवढे जागेवर राहावे. येलचा हिशेब मांडणाऱ्यासही त्याचे नाव कोठे तरी सापडावयास हवे.

याच चर्चमध्ये लॉर्ड पिगट पुरलेला आहे. १७७६ मध्ये या गव्हर्नराने तंजावरच्या तुळजाजी भोसल्यांस त्यांचे राज्य परत दिले. त्यात त्याची न्यायबुद्धी किती होती कोण जाणे. संचालकांचा हुकूम होता एवढे निश्चित. त्या प्रकरणातून भांडण वाढले, त्याच्याच कौन्सिलने त्याला कैद केले आणि ११ मे १७७७ रोजी तो कैदेतच वारला. त्याची म्हणून दाखवितात त्या शिळेवर नाव नाही. त्याच चर्चमध्ये तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजी यांचे गुरू, मिशनरी श्वार्ट्‌झ, यांचे कंपनीने उभारलेले संगमरवरी स्मारक आहे. खुद्द सरफोजींनीही आपल्या गुरूसाठी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून तंजावरास दुसरे करवून घेतले. श्वार्ट्‌झचे स्मारक आत शिरलेल्यास सहज दिसते. पिगटची शिळा विचारून शोधावी लागते.