देणाऱ्याचा हात

सुरतेत शनिवारी-रविवारी संध्याकाळी घरी स्वयंपाक होत नाही असं म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. डुमस रोडवर जा, वेसूत जा, पालमध्ये जा, गाड्या लावायला जागा नसते. आमच्यातली मंडळी जरा लवकर येतात, सूर्य मावळायच्या आत आटोपायचं असतं. आल्याबरोबर वेटरची उलटतपासणी सुरू होते. कांदा-लसूण नाही ना? ग्रेव्हीत बटाटा वाटून घातलेला नाही ना? तवा वेगळा आहे ना? तो बिचारा दोनदा आत जाऊन विचारून येतो. मला या चौकशीचं कौतुकच आहे. तोंडात काय जातं याची एवढी काळजी करणारा समाज कमीच.

पण त्याच टेबलाशी उंच खुर्चीत दोन-अडीच वर्षांचं पोर असतं आणि त्याच्यासमोर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. त्यात काय चाललंय हे कुणी वेटरला विचारत नाही, आणि एकमेकांनाही विचारत नाही. पोराचे डोळे तिकडे, तोंड आपोआप उघडतं, आई घास सरकवते. पोराला आपण काय खाल्लं हेही ठाऊक नसतं. जे कानांनी आणि डोळ्यांनी आत गेलं, त्याची चौकशी कुणी केली?

मोबाईलने मुलांचं काय नुकसान होतं, यावर मी लिहिणार नाही. ते काम डॉक्टरांनी केलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगून ठेवलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही साधारण तेच म्हणणं आहे. दोन वर्षांपर्यंत नाही, लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलण्यापुरती सूट. पाचपर्यंत एक तास, दहापर्यंत दोन तासांच्या आत. झोप, डोळे, वजन, बोलणं, सगळं त्यात आलं. हे आकडे बहुतेक सुशिक्षित आयांना पाठ आहेत. तरी बाटलीला टेकवलेला मोबाईल तिथेच आहे. म्हणजे अडचण माहितीची नाही. आपण हा प्रश्न आरोग्याचा समजतो, आणि तो आहे जबाबदारीचा.

मी सांगली जिल्ह्यातली. माहेरी रात्री आजी रत्नकरंड श्रावकाचार वाचून दाखवायची. त्यात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही साधत नाही आणि ज्याची गरजही नाही अशी पापं. त्यातला एक प्रकार आहे हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, विस्तव, साखळदंड अशी इजा करणारी साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. लहानपणी मला याचं नवल वाटायचं. कुऱ्हाड चालवणारा दोषी हे कळतं, पण नुसती देणाराही? आजी म्हणायची, अगं, देताना तुला दिसत होतं ना कुणाच्या हातात देतेस ते.

मोबाईल ही तलवार आहे असं मला म्हणायचं नाही. तसं म्हटलं की वाद तिथेच संपतो आणि सगळे आपापल्या घरी जाऊन पुन्हा मोबाईल उघडतात. मला आचार्यांची बोट दाखवायची दिशा महत्त्वाची वाटते. दोष घेणाऱ्यापासून सुरू होत नाही, देणाऱ्यापासून होतो. आपण म्हणतो, ‘आमच्या पोराला मोबाईलचं फार वेड.’ जणू पोर ते वेड पोटातूनच घेऊन आलं. दीड वर्षाच्या बाळाने दुकानात जाऊन मोबाईल आणलेला नसतो. तो कुणाच्या तरी हातातून त्याच्या हातात गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा बाळ रडतंय म्हणून नव्हे, तर आपल्याला शांतता हवी म्हणून. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही सारखंच बांधतात हे आपल्याकडे पाठशाळेतलं पोरही सांगेल.

इथे एक भेद केल्याशिवाय पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. लिंबायत-डिंडोली भागात आपली खानदेशी मंडळी भरपूर. धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली. पुरुष लूमवर नाही तर मार्केटमध्ये, आणि बायका घरी बसून साड्यांवर स्टोन लावतात, लेस लावतात, धागे कापतात. नगावर पैसे. एका अशा खोलीत मी बसले होते. दहा बाय बाराची खोली, अर्धी साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली, मधे गोंदाची वाटी आणि कात्री, आणि कोपऱ्यात मोबाईल बघणारं तीन वर्षांचं पोर. बाई म्हणाली, ‘ताई, हा मोबाईल काढला तर तो गोंदात हात घालतो, कात्री घेतो. मी काय करू?’ मी काय सांगणार होते? तिने कात्रीऐवजी मोबाईल दिला होता. हिंसादानाचा हिशेब करायचाच तर तिने मोठी इजा टाळून लहान पत्करली. वेसूच्या चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दोन बाया कामाला असताना दिलेला मोबाईल आणि हा मोबाईल एक नाही. उपदेश करणाऱ्यांनी आधी हे दोन मोबाईल वेगळे ठेवायला शिकावं. आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हीच माणसं हप्त्यावर फोन घेऊन आली होती. सुरत महापालिकेच्या मराठी शाळांत शिकणाऱ्या कितीतरी मुलांची शाळा त्या वेळी बापाच्या फोनमध्ये होती, तीही बाप कामावरून परतल्यावर. ‘मोबाईल घे, अभ्यास कर’ असं आपणच सांगितलं होतं. दोन वर्षांनी ‘मोबाईल ठेव, अभ्यास कर’ म्हणू लागलो.

आता खरा पेच. व्रत हे स्वतः घ्यायचं असतं. दुसऱ्याने लादलं तर ते व्रत नव्हे, ती शिक्षा. मग ज्याला समज नाही त्याच्यावर संयम लादायचा कसा? आमच्या मंडळातल्या एका शिकलेल्या मुलीने हे मला तोंडावर विचारलं. तिचं म्हणणं, मुलांना निवडू द्यावं, ती आपोआप शिकतील.

जानेवारी २०२३ मध्ये याच शहरात, एका हिरे व्यापाऱ्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने दीक्षा घेतली. देशभर चर्चा झाली. बातम्यांत एक तपशील आवर्जून यायचा की तिने कधी टीव्ही पाहिला नाही. त्या वेळी लोकांनी एकच सवाल केला: एवढ्याशा जिवाला त्याग म्हणजे काय ते कळतं का? सवाल रास्त आहे. आयुष्यभराचा निर्णय आठव्या वर्षी घ्यावा हे मलाही पटत नाही. पण जे हा सवाल विचारत होते, त्यांच्या घरात आठ वर्षांचं पोर रात्री अकरापर्यंत रील बघत होतं, आणि त्याला भोग म्हणजे काय ते कळतं का, असं कुणी विचारलं नाही. न कळता केलेला त्याग आपल्याला खुपतो आणि न कळता केलेला भोग साहजिक वाटतो. असं का? मूल संमती द्यायला लहान असेल, तर ते दोन्हीकडे लहान आहे.

शिवाय निवड कशातून करायची? समंतभद्रांनी भोग आणि उपभोग असा फरक केला आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं जेवण. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. रील या दोन्हींत बसत नाही. ती संपते, पण संपल्याचं कळायच्या आत दुसरी येते. ताटाला बूड असतं, ते दिसलं की हात थांबतो. रविवारी सकाळचं रामायण आम्ही गल्लीभर मिळून पाहायचो, ते संपलं की संपलं, पुढच्या रविवारपर्यंत रडून उपयोग नव्हता. पडद्यावरचं पान बोटाने कितीही सरकवलं तरी तळ लागू नये ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने काढली, आणि पुढे त्यांनीच जाहीरपणे तिचा पश्चात्ताप व्यक्त केला. ज्या ताटाचं बूड मुद्दाम काढून घेतलं आहे, त्यावर बसवून मुलाला ‘पोट भरलं की ऊठ’ म्हणायचं, याला मी निवड म्हणत नाही. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. तीन वर्षांचं मूल आपलं लक्ष कुणाला देऊ शकत नाही, कारण ते आपल्याजवळ आहे हेच त्याला ठाऊक नाही. म्हणून त्याच्याकडून जे घेतलं जातं ते सगळं न दिलेलंच असतं.

तेव्हा आवर घालायचा तो मोठ्यांनीच, यात मला शंका नाही. कसा घालायचा, हा प्रश्न उरतो, आणि तिथे माझ्या माहेरच्या जिल्ह्याकडे बोट दाखवताना मला थोडा अभिमान वाटतो.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे ठरलं की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय बायकांच्या ग्रामसभेत मांडला. कोरोनानंतर मुलं शाळेत परतली ती मोबाईल घेऊनच, ही शिक्षकांची तक्रार होती. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही, की बायकांनी मुलांकडे बोट दाखवून विषय संपवला नाही. त्या वेळेत आपल्या मालिका असतात, हेही बोललं गेलं. सुरुवातीला माणसं हसली, घरोघर फिरून आठवण करून द्यावी लागली. मग सवय पडली. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावानेही डिसेंबर २०२४ पासून सात ते नऊ अशी वेळ धरली.

त्याच २०२२ सालच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाच्या ग्रामपंचायतीने दुसरा ठराव केला. अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल बंदी. त्यांची तळमळ खरी आहे, पण माझं मन वडगावकडे झुकतं. बान्सीच्या ठरावात मोठ्यांचा मोबाईल मोठ्यांच्या हातात राहतो. सतराव्या वर्षी जे पाप, ते अठराव्या वाढदिवशी पुण्य होतं. वडगावात बापही बंद करतो.

आचार्यांनी भोगोपभोगाची मर्यादा दोन तऱ्हांनी सांगितली आहे. मरेपर्यंत सोडणं म्हणजे यम, ठरावीक वेळेपुरतं सोडणं म्हणजे नियम. आणि नियमासाठी काळाची मापंही दिली आहेत, आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू. ज्यांवर मर्यादा घालायची त्या गोष्टींत जेवण, वाहन, अंथरूण आहे, तसं गाणं-बजावणंही आहे. गृहस्थाला यम झेपत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण घरोघर उलट करतो. ‘आजपासून मोबाईल कायमचा बंद!’ म्हणून यम ठोकतो, आणि तो दुसऱ्या दिवशी पाहुणे आले की मोडतो. पोर एकच शिकतं: आईचा शब्द पाहुणे येईपर्यंत असतो. त्यापेक्षा अठ्ठेचाळीस मिनिटं धरा. सामायिकाची तीच मुदत आहे, दोन घडी. आजीची माळ त्या वेळात होते, सुनेचा व्हॉट्सअ‍ॅप त्या वेळात थांबू शकतो, आणि हिऱ्याच्या बाजारातला कुठलाही भाव तेवढ्याने कोसळत नाही. विचारा हवं तर महिधरपुऱ्यात.

पण त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत पोराने करायचं काय? इथे बहुतेक लेख ‘मुलांना मैदानावर न्या’ म्हणून संपतात. कुठलं मैदान, बाई? उत्तरायणाच्या दिवशी पाहा, सुरतेतलं एक पोर मोबाईल मागत नाही. हातात मांजा असतो, गच्ची उघडी असते, बाप शेजारी असतो, शेजाऱ्याचा पतंग कापायचा असतो. उपदेशाची गरजच पडत नाही. आणि १६ जानेवारीला त्याच गच्चीला कुलूप लागतं. पाण्याच्या टाक्या आहेत, मुलं नळ सोडतात. पार्किंगमध्ये खेळू नये, गाड्यांवर ओरखडे येतात. बागेत चेंडू नको, कुंड्या फुटतात. जिन्यात आवाज नको, वरच्या आजोबांची झोप मोडते. तुमच्या सोसायटीत अशी पाटी नसेल तर मला कळवा, मी येऊन पाहून जाईन. पोराचा एकेक दरवाजा आपण बंद करत आलो. उघडा राहिला तो एकच, खिशात मावणारा. वरच्या आजोबांना आवाज खपत नाही, पण तोच नातू खोलीत तीन तास चिडीचूप असला की ‘किती शांत मुलगा’ म्हणून कौतुक करतात.

आमच्या इमारतीत आम्ही आठ बायकांनी मिळून एक अर्ज दिला आहे. संध्याकाळी सात ते आठ पार्किंगचा मागचा भाग मुलांना मोकळा ठेवावा, त्या वेळेत गाड्या पुढे लावाव्यात, आणि दोन मोठी माणसं पाळीने, मोबाईल घरी ठेवून, तिथे बसतील. पाळीचा तक्ताही जोडला आहे, त्यात चार पुरुषांची नावं त्यांना विचारून घातली आहेत. सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि विचारलं, ओरखडा पडला तर खर्च कुणी द्यायचा? आम्ही लिहून दिलं की आठ घरं वाटून देतील. आता विषय रविवारच्या मीटिंगमध्ये आहे, लिफ्टच्या दुरुस्तीनंतर.