आपापल्या वेळेची वाढ
एकाच कोंबडीखाली 21 दिवस उबून निघालेली पिले आपापल्या गतीने वाढतात. तलंगांपैकी, म्हणजे अंड्यावर येऊ लागलेल्या कोवळ्या कोंबड्यांपैकी, एखादीचा तुरा पाचव्या महिन्यातच लालभडक होतो आणि हात जवळ नेताच ती पंख किंचित पसरून दबून बसते, तर तिच्याच बहिणीचा तुरा सातव्या महिन्यातही फिकट असू शकतो. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी 1922 साली वर्णिलेली टोचण्याची उतरंड, म्हणजे कोणी कोणाला चोच मारायची याचा कळपातील क्रम, दाण्यापाशी आधी कोण पोहोचेल हे ठरवते आणि त्यामुळे बुजऱ्या तलंगेची वाढ आणखी रेंगाळू शकते. म्हणून जाणता पाळणारा तिला निकामी न ठरवता दाण्याचे दुसरे भांडे थोडे दूर मांडतो. मागे पडलेल्या मुलासाठी अशीच जागा करून देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.