कुंडीतले लिंबू आणि अहिंसा

कर्जत-खालापूरच्या पावसात कुंडीतले लिंबू खंगते, ते बहुधा पाण्याच्या दुष्काळाने नव्हे, सुकाळाने. कुंडीचे भोक बुजते, मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. भोक मोकळे करावे, कुजकी मुळे छाटावी, मुरूम व जुने शेणखत मिसळलेली माती घालावी. येथवर नीतिशास्त्राचा संबंध नाही. तो येतो नवी पालवी फुटल्यावर. कारण पालवीमागोमाग अळी येते.

ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, आणि डिवचली असता डोक्यामागून तांबूस शिंगे काढून उग्र दर्प सोडते. चार-पाच अळ्या लहानसे रोप बोडके करतात. हिचेच काळे-पिवळे फुलपाखरू होते, आणि ते मात्र आपण मुलांना कौतुकाने दाखवितो!

मग ती चिरडावी काय? पिके नासणाऱ्या माकडांविषयी लिहिताना गांधीजींनी १९४६ साली ‘हरिजन’मध्ये शेतकऱ्याची बाजू घेतली होती. परंतु शेतकऱ्याचे पोट आणि आमचे सरबत एकाच तराजूत कसे तोलावे? उलट, झाडाला कुंडीत कोंडून आपण त्याचे पालकत्व पत्करले आहे. ‘त्याचे ते पाहून घेईल’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही. हा युक्तिवाद मला अधिक पटतो. मात्र त्यातून राखण्याची आज्ञा निघते, मारण्याची नव्हे. अळी वेचून बेलावर सोडता येते. तेथेही तिचा निर्वाह होतो, आणि मोठ्या बेलाला चार पाने गेल्याची खबरही लागत नाही. शेजाऱ्याचा कढीलिंब तेवढा टाळावा.