बिंदगीतली आंबील

थोडं सैल बसा. सोलापूर-धुळे महामार्गावर धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा लागतं, शोभेची दारू तयार करणारं गाव. रस्त्याकडेची फटाक्यांची दुकानं नजरेसमोर आणा आणि गाड्या पुढं जाऊ द्या. आपल्याला घाई नाही.

चार ओळखीचे चेहरे, निवांत गप्पा आणि तिथंच तयार केलेली बिअर हवी असेल, तर पुण्याला जावं. तिथं २००९ साली डूलाली नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि पुढं तशी बरीच ठिकाणं निघाली. धाराशिव-लातूरकडची बैठक मात्र वर्षातून एकदाच भरते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, भर शेतात. येळवस म्हणतात तिला. दार नाही, बिल नाही.

डोळे मिटा आणि बांधावरून आत चला. सकाळचा गारठा अजून गेलेला नाही. दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी, खाली हरभरा. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड, म्हणजे पांडव. शेजारी लक्ष्मी. आणि सावलीत आंबिलीनं भरलेलं भांडं, म्हणजे बिंदगी.

पेला हातात आला तरी लगेच पिऊ नका. आधी वास घ्या. लसूण पुढं येतो, मग ताक, आणि सगळ्यांत मागून ज्वारीचं पीठ, मंद, किंचित गोडसर. आता एक घोट. आंबट. त्या आंबटपणापाशी जरा थांबा. जिभेच्या कडेला तो कसा पसरतो, घशाखाली गेल्यावरही किती वेळ राहतो, एवढंच पाहा.

हा आंबटपणा आला कुठून? पीठ ताकात कालवलं ते घरातल्या बाईनं. नंतर रात्रभर राबले ते ताकातले जिवाणू. पिठातली थोडीशी साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल करतात. थंडीत त्यांचं काम रेंगाळतं. घाई करून उपयोग नसतो. बिअरचा रस्ता वेगळा. तिथं धान्याला मोड आणतात, पिठूळ भागाची साखर होते आणि यीस्ट तिचं मद्य करतं. दक्षिण आफ्रिकेतली उमकोंबोथी ही बिअर ज्वारीच्या मोडांची आणि मक्याची. ती आधी आंबट होते, मग चढणारी. आपली आंबील पहिल्याच मुक्कामावर थांबते. मला हे थांबणं फार आवडतं. चढत नाही, म्हणूनच आजी आणि नातू एकाच बिंदगीतून पिऊ शकतात. बिअरपेक्षा ती थोर वगैरे म्हणायचं नाही. पण बैठक जमायला नशा लागतेच असं नाही, हे इथं पटतं.

दुसरा घोट घ्या. आता आजूबाजूला पाहा. माणसांआधी आंबील रानाला मिळाली आहे. पिकावर शिंपडत कुणीतरी शेताला फेरी घालून आलं आहे. मग पाहुणे. ज्यांना शेत नाही त्यांनाही आवतण असतं. लातूर शहरातले रस्ते या दिवशी ओस पडतात, कारण शहर बांधावर जेवायला गेलेलं असतं. पत्रावळीवर भज्जी, उंडे, खीर.

पोट निवलं की एक प्रश्न मनात येऊ द्या, आणि तो टाळू नका. बिंदगी डोक्यावर घेऊन आली ती बाई काल रात्री किती झोपली असेल? आंबील, उंडे, भज्जी, सगळं तिच्या हातचं. येळवसीच्या कौतुकात हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

डिसेंबर-जानेवारीत येळवसीला इकडून जात असाल आणि बांधावरून हाक आली, तर गाडी बाजूला घ्या. पोटभर प्या, हवी तर आणखी मागा. आणि निघताना भांडी घासायला, रिकामी बिंदगी घरी न्यायला आपला हात पुढं करा.