रात्रीचा रस्ता कोणाचा?

वायनाडचे अभयारण्य पाहण्यासाठी आम्ही बंगळूरहून निघालो, ते उशिराच. गुंडलुपेट मागे टाकून बंदीपूरच्या जंगलाच्या नाक्यावर पोहोचलो, तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फाटक बंद होते. पहारेकऱ्याने शांतपणे सांगितले, "आता सकाळी सहाला." गाडीत कुरकुर सुरू झाली. राष्ट्रीय महामार्ग, आणि तो बंद कसा?

बंदीपूर हे एके काळी म्हैसूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत त्याचा समावेश झाला. तरीही रात्रीच्या भरधाव वाहनांखाली मुके जीव मरतच राहिले. म्हणून २००९ पासून येथे रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका व मोजक्या बसगाड्या तेवढ्या जाऊ देतात.

१०४ व्या स्तोत्रात परमेश्वराने केलेली एक वाटणी आढळते: रात्र वनपशूंची, दिवस माणसाच्या श्रमांचा. तेथे माणसाला कमी लेखलेले नाही. त्याचा वाटा नेमून दिला आहे. सृष्टीवर मिळालेला अधिकार आपल्याला चटकन आठवतो. वाट्याची मर्यादा मात्र आठवत नाही.

परंतु येथेच विषय संपवला, तर आपण अप्रामाणिक ठरू. या रस्त्यावर वायनाडच्या लोकांचा व्यापार आणि येणेजाणे अवलंबून आहे. २०१९ साली बंदी दिवसाही लागू होण्याची चिन्हे दिसताच सुलतान बत्तेरीत लोकांनी उपोषण केले. त्यांना अरण्याचे शत्रू म्हणावे काय? वाघ वाचल्याचा आनंद शहरात बसून आपण घेतो. त्याची किंमत मात्र अरण्याच्या कडेला राहणारा गरीब मोजतो. दुसऱ्याच्या खिशातून दिलेले दान हे दान नव्हे.

मग आपले कर्तव्य कोणते? ज्याचे पोट त्या रस्त्यावर आहे, त्याच्या अडचणीचा विचार आधी व्हावा. जो केवळ मौजेसाठी निघाला आहे, त्याने आधी थांबावे. वेळेवर निघणे, रात्र गावात काढणे, प्राणी दिसला नाही तरी तक्रार न करणे, एवढा त्याग तरी आपल्या हातचा आहे. 'अभयारण्य' या शब्दातील अभय आपण द्यावयाचे आहे.

ती रात्र आम्ही गुंडलुपेटला काढली. सकाळी सहाला फाटक उघडले. रस्त्यावर जागोजागी हत्तींची ताजी लीद पडली होती; हत्ती मात्र एकही दिसला नाही. रात्री ते निर्धास्तपणे रस्ता ओलांडून गेले होते. गाडीत आता कोणीही कुरकुरत नव्हते.